नव्या थर्मोस्टॅटची हकिगत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. घरातल्या हीट पंपाला, म्हणजे ऊब आणि गारवा दोन्ही देणाऱ्या यंत्राला, तापमान राखणारा नवा थर्मोस्टॅट बसवला आहे आणि ही हकिगत तुझ्याखेरीज कोणी जांभई न देता ऐकणार नाही, म्हणून लिहितो.

बसवणारा गृहस्थ गेला आणि घर गारठू लागले. ऊब मागितली की गार वारा आणि गारवा मागितला की ऊन वारा, असा प्रकार. फोनवर त्याने यंत्रच बिघडल्याचे सांगितले. पण बिघडलेले यंत्र इतके बिनचूक उलटे कसे चालेल? संशय अर्थातच यंत्राला उबेकडून गारव्याकडे फिरवणाऱ्या रिव्हर्सिंग व्हॉल्व्हवर गेला. काही यंत्रांत त्याला थंडाव्याच्या वेळी वीज लागते, काहींत उबेच्या वेळी, आणि त्यानुसार थर्मोस्टॅटमध्ये ‘ओ’ किंवा ‘बी’ निवडावे लागते. व्हॉल्व्हची केशरी वायर जागच्या जागी घट्ट होती. परंतु वायरच्या रंगावर विसंबू नये हा तुझाच धडा, म्हणून युनिटच्या झाकणामागचा आराखडा पाहिला. त्यात ‘ओ’ होते, सेटिंगमध्ये ‘बी’. ते बदलले, तरी पाच मिनिटे सारे ढिम्म. कॉम्प्रेसर लगोलग सुरू होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट त्याला तेवढा वेळ रोखतो. तू असतास तर तेवढ्यात चारदा बटण दाबले असतेस. वसतिगृहातली पाण्याची मोटर तुझ्याच उतावीळपणाने जळाली, हे माझे मत आजही कायम आहे.

खरी काळजी पुढेच आहे. रात्री १६ अंश आणि पहाटे २० अंश असे ठरवले की पडद्यावर ‘ऑक्स’ झळकते, म्हणजे पंपाच्या मदतीला विजेचे हीटर लागतात. पंप बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देतो, हीटर मात्र एकास एकच; त्यामुळे रात्रीची बचत पहाटे वाया जाते. फरक दोन अंशांवर आणला तेव्हा हे थांबले.

काल मात्र तापमान स्थिर असताना भरदुपारी ‘ऑक्स’ लागले. बाहेर पाहतो तो युनिटचा पंखा थांबलेला आणि कॉइलवरून, म्हणजे त्यातल्या नळ्यांच्या जाळीवरून, वाफा निघत असलेल्या. हिने आग लागली म्हणून आरडाओरडा केला! तो डीफ्रॉस्ट होता, काही मिनिटांत उरकला. कॉइलवरचे हिम वितळवण्यासाठी पंप थोडा वेळ उलटा चालतो आणि तेवढ्यात घर गार पडू नये म्हणून हीटर लागतात, हे मान्य. पण हवा कोरडी होती आणि त्याआधी थोड्याच वेळापूर्वी मी पाहिले तेव्हा कॉइलवर हिमाचा कणही नव्हता.

ताईंकडून मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. बदलीचे काय झाले तेही कळव.

आता तूच सांग, डीफ्रॉस्ट कधी करायचा ते ठरवणारा बोर्ड नुसत्या वेळेवर चालत असेल, की कॉइलवरचा सेन्सर चुकीचे तापमान दाखवत असेल? सेन्सरचा रोध मोजायचा झाल्यास तो बोर्डापासून सोडवूनच मोजू ना? बोर्डाचा फोटो सोबत पाठवत आहे.

तुझा,
जुना खोलीसोबती