चित्रे तर येतच होती, मग शिकतेस काय?

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "चित्रे तर तुला लहानपणापासून येतातच. मग चार वर्षे तिथे शिकवतात तरी काय?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि वर्गाची वेळ झाली असे सांगून फोन ठेवला. रविवारी वर्ग नसतो हे तुमच्या लक्षात आले असेलच. प्रश्न रास्त होता. पंधरा वर्षे हिशेबाची नोकरी करून एकोणचाळिसाव्या वर्षी जी मुलगी ललित कलेच्या पदवीला जाऊन बसते, तिला तो विचारण्याचा हक्क तुम्हा दोघांइतका दुसऱ्या कोणाला नाही. फोनवर ज्याचे उत्तर देता आले नाही ते आता सावकाश लिहिते आहे.

आधी एक कबुली. पहिल्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही तेव्हा जागा भरल्या होत्या असे मी तुम्हाला सांगितले होते. ते खरे नव्हते. माझी कामे पाहून त्यांनी मला नाकारले होते. अशा अभ्यासक्रमांसाठी गुणपत्रिकेपेक्षा कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, जास्त बोलतो. बहुतेक ठिकाणी दहा ते वीस कामे मागतात, त्यांच्यासोबत आपण हे का करू पाहतो याचे पानभर निवेदन द्यावे लागते, आणि पुढे मुलाखत होते. मी पंधरा व्यक्तिचित्रे पाठवली होती, आणि ती सगळी छायाचित्रांवरून केलेली होती. बाबांच्या भुवईचा केस न् केस, आईच्या साडीच्या काठाचा धागा न् धागा. घरी आलेला प्रत्येक पाहुणा ज्यांच्यासमोर थबकायचा तीच ही चित्रे. निवेदनाची सुरुवातही "मला लहानपणापासून कलेची आवड आहे" अशी केली होती. निम्मे अर्ज याच वाक्याने सुरू होतात, हे मला इथे आल्यावर कळले. नकाराचे पत्र दोन ओळींचे होते. शिल्पकार रोदँला पॅरिसच्या कलाशाळेने तीनदा नाकारले होते, असे सांगून पुष्कळांनी माझी समजूत काढली. पण तेव्हा रोदँने विशीही ओलांडलेली नव्हती, त्यामुळे मला त्या दाखल्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या वर्षी मी तीच चित्रे नीट कोऱ्या कागदावर चिकटवून घेऊन गेले. सोबत एक मळकी रेखाटनवही होती, कारण अर्जात "प्रक्रिया दाखवणारी वही आणावी" असे लिहिले होते आणि माझ्याकडे दुसरी वही नव्हती. बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या तपासण्या चालू होत्या तेव्हा डोळ्यांत थेंब घालून आपल्याला तासन् तास बाहेर बसवून ठेवायचे. तुम्ही डोळे मिटून बसलेले असायचा आणि मी वेळ जात नाही म्हणून बॉलपेनने तुमचे हात काढत बसायचे. ती वही. मुलाखतीला तिघे होते. भुवईचे केस त्यांनी पत्ते चाळावेत तसे चाळले आणि वहीच्या एका पानावर थांबले. त्या पानावर तुमचा अंगठा सात वेळा काढलेला होता.

"सात वेळा का?" त्यांनी विचारले.

"सहा वेळा चुकला म्हणून."

"मग सातवा बरोबर आला का?"

"नाही. पण तेवढ्यात बाबांचा नंबर आला."

त्या पानामुळेच प्रवेश मिळाला, अशी माझी समजूत आहे. बाबांच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवातही तिथूनच होते. माझ्याकडे जे होते ती सफाई होती. छायाचित्रात जग आधीच सपाट झालेले असते, कॅमेऱ्याने सगळे निर्णय घेऊन टाकलेले असतात, आणि मी ते निर्णय नेटकेपणाने उतरवून काढत होते. हिशेबाच्या वहीतला आकडा दुसऱ्या वहीत मांडावा तसे. इथे पहिले सहा महिने याच सफाईची साल सोलण्यात गेले.

ते कसे, हे एका खुर्चीवरून सांगते. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या मधोमध एक लाकडी खुर्ची ठेवली आणि कोळशाने ती काढायला सांगितली. कोळसा म्हणजे जाळलेली विलो झाडाची काडी. तिला टोक राहत नाही, बोट लागले की रेघ पुसते, त्यामुळे माझी निम्मी हुशारी तिथेच संपली. तरी मी चांगली खुर्ची काढली. मग सगळ्यांची चित्रे भिंतीवर टाचली गेली. याला इथे सगळे "क्रिट" म्हणतात. ज्याचे चित्र असेल त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी त्यांना काय दिसते ते बोलायचे, असा याचा नियम आहे. आवडले किंवा आवडले नाही असे म्हणण्याची परवानगी नसते. माझ्याहून निम्म्या वयाच्या एका मुलीने माझ्या चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "ही खुर्ची कशावरच उभी नाही." मी पुन्हा पाहिले. जमीन काढायची मी विसरले नव्हते, पण चारही पाय मी सारख्या लांबीचे काढले होते, कारण खुर्चीचे पाय सारखे असतात हे मला ठाऊक होते. मी जिथे बसले होते तिथून मागचा पाय पुढच्यापेक्षा बराच आखूड दिसत होता. मी डोळ्यांसमोरची खुर्ची बाजूला सारून डोक्यातली खुर्ची काढली होती.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी तीच खुर्ची ठेवली आणि सांगितले की खुर्ची काढायची नाही, तिच्या दांड्यांमधल्या रिकाम्या जागा तेवढ्या काढायच्या. रिकाम्या जागेला नाव नसते, त्यामुळे तिच्याबद्दल आपल्याला आधीपासून काही ठाऊकही नसते. दोन पायांमधली एक अरुंद, तिरकी, पाचरीसारखी जागा मी काढली, मग तिच्या शेजारची, मग पाठीच्या दोन पट्ट्यांमधली फट. तासाभराने कागदावर खुर्ची आपोआप उभी होती, आणि ती जमिनीवर होती. हा व्यायाम जुना आहे, पुष्कळ ठिकाणी करवून घेतात, आणि तो पुस्तकात वाचून कळत नाही. बाबा, चार वर्षांत काय शिकवतात याचे सगळ्यात लहान उत्तर द्यायचे झाले तर मी ही पाचर दाखवीन.

आईनेही एक प्रश्न आवाज बारीक करून विचारला होता, की वर्गात खरेच कपडे न घातलेली माणसे बसतात का. आई, बसतात. पहिल्या फेरीत प्रत्येक पवित्रा अर्ध्या मिनिटाचा असतो, आणि तेवढ्या वेळात खांद्यापासून टाचेपर्यंतचा तोल पकडताना लाजायला सवडच मिळत नाही. मग वीस-वीस मिनिटांच्या बैठका होतात. मध्ये विश्रांतीची सुट्टी असते, तेव्हा मॉडेल उठण्याआधी तिच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर तिला नेमके तिथेच उभे राहता येते. कोणी फोन बाहेर काढला तर त्याला वर्गाबाहेर जावे लागते. मी पाहिलेल्या खोल्यांपैकी ही सगळ्यात शिस्तीची खोली आहे. आणि या खोलीत येण्यासाठी बायकांना किती वाट पाहावी लागली, हे मला कलेतिहासाच्या वर्गात कळले. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्त्री होत्या. पुढे योहान झोफानी याने नग्न मॉडेलभोवती जमलेल्या सदस्यांचे चित्र रंगवले, तेव्हा या दोघींना खोलीत उभे करता येईना, म्हणून त्याने त्यांना भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत बसवले. १८६० साली लॉरा हरफर्ड हिने त्याच अकादमीच्या शाळेकडे आपली रेखाटने पाठवताना सहीत पहिल्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर घातले, आणि प्रवेश पक्का झाल्यावरच त्यांना ती बाई असल्याचे समजले. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत स्त्रियांना १८९७ मध्ये प्रवेश मिळाला. माझ्या अर्जावर माझे पूर्ण नाव होते, एवढे मला पुरे आहे.

तंत्राचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्याचीच तुम्हाला कल्पना सगळ्यात जास्त असेल. कॅनव्हासला आधी सरस लावावा लागतो, नाहीतर रंगातले जवसाचे तेल धाग्यांत उतरते आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होते. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त ठेवावे लागते, नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलला की त्याला तडे जातात. अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, पत्र्यावर कोरलेले सगळे छापताना उलटे येते, हे ठाऊक असूनही मी माझी पहिली सही उलटीच छापली. काळजीचे एकच सांगायचे, तर जवसाचे तेल वाळते ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. त्यामुळे तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात तसाच टाकला तर तो आपण होऊन पेट घेऊ शकतो. आमच्याकडे त्यासाठी झाकणाचे लोखंडी पिंप आहे आणि ते रोज संध्याकाळी रिकामे करण्याची पाळी सध्या माझी आहे. आई, तू म्हणशील की घरी साधा केर काढायला सांगितला तर ऐकत नव्हतीस.

पुढे पोटापाण्याचे काय, हे तुम्ही विचारले नाही, ते विचारायचे नाही असे दोघांनी ठरवलेले दिसते. ही पदवी हातात नोकरी ठेवत नाही. काही जण पुढे आणखी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन शिकवतात, काही चित्रांच्या जतनाकडे वळतात आणि त्यासाठी रसायनशास्त्राचा अभ्यास करतात, काही पुस्तकांसाठी किंवा रंगमंचासाठी काम करतात, आणि बरेच जण दुसरे काहीतरी करून रात्री चित्रे काढतात. मी शेवटच्या गटात असण्याचा संभव अधिक आहे. म्हणून तिघाचौघांचे हिशेब मी अजून सांभाळते, संध्याकाळी दोन तास, आणि त्यावर माझे भागते. तुमच्याकडून काही लागणार नाही. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही, वही समोर उघडी ठेवून लिहिते आहे.

आता ज्यासाठी हे पत्र खरे लिहायला घेतले ते. या सत्रात आमचा रंगाचा वर्ग आहे. त्यातले व्यायाम बरेचसे जोसेफ आल्बर्स याच्या पद्धतीचे आहेत. हा आधी जर्मनीत बाउहाउसमध्ये शिकवायचा, १९३३ मध्ये ती शाळा बंद पडल्यावर अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने पिढ्यान् पिढ्या हेच शिकवले. तो रंग कालवायला लावत नसे, रंगीत कागद कापायला लावत असे, कारण कालवलेला रंग दुसऱ्यांदा तंतोतंत तसाच येत नाही. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापायचे, एक पिवळ्यावर ठेवायचा, एक जांभळ्यावर, आणि ते दोन वेगळे रंग आहेत अशी पाहणाऱ्याची खात्री पटवायची. हे करत असताना मला बाबांचे बोलणे आठवले. उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर तुम्ही म्हणाला होता, "भिंतीला निळा रंग कधी दिला?" आम्ही हसलो होतो. भिंत पांढरीच होती. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश अडवते, ते काढल्यावर निळा एकदम परत येतो. मोने या फ्रेंच चित्रकाराचे हेच झाले होते. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदूचे निदान झाले, अखेरीस रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून तो रंग घेऊ लागला, आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर सगळे फार निळे दिसते म्हणून त्याने कुरकुर केली. डावा डोळा त्याने शेवटपर्यंत करू दिला नाही.

तुमचा डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. म्हणजे आजपासून तेवढे दिवस तुमच्याकडे दोन वेगवेगळे रंग पाहणारे दोन डोळे आहेत, आणि आमच्या अख्ख्या वर्गात ते कोणाकडे नाहीत. पत्रासोबत बारा रंगीत पट्ट्या पाठवते आहे, मागे क्रमांक घातले आहेत. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, दिवा न लावता बसावे. आधी डावा डोळा झाकून उजव्याने प्रत्येक पट्टी पाहावी आणि रंग शब्दांत सांगावा, मग उजवा झाकून डाव्याने. निळा किंवा हिरवा एवढेच सांगून थांबू नये, कशासारखा दिसतो तेही सांगावे. आई, लिहून घेण्याचे काम तुझे. बाबा सांगतील तेच लिही, तुला दिसते ते नको, आणि "अहो, हा हिरवा कुठे आहे" असे म्हणून त्यांना दुरुस्त करू नकोस.

पट्ट्या पाकिटात परत घालून शस्त्रक्रियेआधी पाठवा. पाचव्या क्रमांकाची पट्टी दोनदा आली आहे असे वाटले तरी दोन्ही वेळा नव्याने पाहा.

तुमची,
धाकटी