मंदारला पत्र: एकाच सर्व्हरवर विंडोज आणि लिनक्स

सातारा,
रविवार रात्र

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

लांबच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही कसं बसवायचं, हे परवा तू फोनवर विचारलंस आणि मी भराभर सांगत सुटलो. नंतर वाटलं, अर्धवट ऐकून तू चालू सर्व्हरला हात घातलास तर पंचाईत होईल. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गरज तुला ठाऊक आहे. दिवसभर पानं लावायचं काम विंडोजवर, कारण जुन्या फॉन्टमधल्या फाइली तिथल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. रात्री जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टमधून (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) काढून युनिकोडमध्ये आणायची, ते लिनक्सवर. दोन्ही कामांना ४ कोअर आणि ८ जीबी रॅम पुरेपूर लागते, पण एका वेळी एकच काम चालतं. म्हणून ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम ठेवून एका वेळी एकच उठवणं, परवडतं. तुला दोन्ही एकाच वेळी हवं असेल, तर मुकाट्याने दुसरा छोटा सर्व्हर घे.

मी विंडोज आधी बसवलं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना! व्हर्च्युअल डिस्क ओळखायला लागणारा व्हर्टआयओ ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. पॅनेलमध्ये (सर्व्हर लांबून सांभाळायचं वेबपान) एका वेळी एकच आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) लावता येत होती, त्यामुळे विंडोजची काढून ड्रायव्हरची लावली, ड्रायव्हर उचलला, परत विंडोजची लावली, तेव्हा १६० जीबीची डिस्क समोर आली. नेटवर्कचा ड्रायव्हरही त्याच आयएसओत असतो. विंडोजला ९० जीबी देऊन बाकीची जागा मोकळी सोडली. तुझं विंडोज चालू आहे, म्हणजे तुला सी ड्राइव्ह आकसून जागा काढावी लागेल. त्याआधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घे, आणि डेटाची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर ठेव. पेजफाइलसारख्या (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असल्या की विंडोज फार थोडी जागा सोडतं. तसं झालं तर पेजफाइल तेवढ्यापुरती बंद करून बघ.

मग डेबियन, म्हणजे माझं लिनक्स. ते तुला नवीन नाही. फक्त ग्रबच्या (कोणती सिस्टीम उठवायची याचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) २.०६ आवृत्तीपासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टीम शोधणारा भाग) मुळात बंद असतो, तो ग्रबच्या सेटिंगमध्ये चालू केल्याशिवाय मेनूत विंडोज येत नाही.

आता खरी गोष्ट. घरच्या कॉम्प्युटरवर मेनू आला की आपण बाणाचं बटण दाबून हवं ते निवडतो. सर्व्हरसमोर कोणी बसलेलं नसतं. म्हणून मी लिनक्स कायमचं डिफॉल्ट ठेवलं आणि विंडोज हवं तेव्हा ग्रब-रीबूट या कमांडने 'पुढच्या एका वेळेपुरतं विंडोज' असं सांगून ठेवतो. सकाळी ८ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्समधला प्रोग्राम) हे आपोआप करतो. संध्याकाळी विंडोजमध्ये नुसतं रीस्टार्ट दाबलं की लिनक्स हजर.

पहिल्या आठवड्यात मात्र ते हजर झालंच नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा विंडोज. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. रात्री साडेअकराला पॅनेलमधून व्हीएनसी कन्सोल (सर्व्हरचा पडदा लांबून दाखवणारी खिडकी) उघडून डोळे लावून बसलो, तेव्हा काळ्या पडद्यावर काही सेकंद एक ओळ दिसली: 'डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड'. तिथे उलगडा झाला. मी सिस्टीम उठवायला लागणाऱ्या फाइलींचं वेगळं बूट पार्टिशन न काढता सगळं एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा लवचीकपणे वाटायची लिनक्सची सोय) टाकलं होतं. ग्रबला एलव्हीएम वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. त्यामुळे 'एका वेळेपुरतं' ही खूण त्याला पुसता येईना आणि दर वेळी तो तीच पाळत राहिला. कन्सोलवरून मेनूत लिनक्स निवडलं, उरलेल्या जागेत १ जीबीचं साधं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) बूट पार्टिशन काढलं, फाइली तिकडे नेल्या, ग्रब पुन्हा बसवला. त्या दिवसापासून एकदाही अडलं नाही. तू पहिल्यापासूनच बूट वेगळं ठेव, आणि मेनूची वेळ ३० सेकंद कर. ५ सेकंदांत व्हीएनसी जोडून होत नाही, मेनू निघून जातो.

विंडोज अपडेट मध्येच दोन-तीनदा रीस्टार्ट करतं. तेव्हा लिनक्स उठलं तर अपडेट अर्धवट लटकतं, म्हणून त्या दिवसापुरतं डिफॉल्ट विंडोज करून ठेवत जा. घड्याळाचंही बघ. लिनक्स मशीनची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक धरतं, त्यामुळे माझ्या रात्रीच्या फाइलींवर साडेपाच तास पुढची वेळ पडत होती. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगची नोंदवही) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ केली आणि प्रश्न मिटला.

कोणती सिस्टीम उठली आहे हे बघायला मी पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडायची क्रमांकित दारं, तपासतो. २२ ने ओ दिली तर लिनक्स, ३३८९ ने दिली तर विंडोज. ३३८९ फक्त तुझ्या आयपीला उघडा ठेव, जगाला नको.

या घडीला १९७० च्या आसपासचा एक अंक चालू आहे. पानं पिवळी पडलीत, जोडाक्षरं फुटलेली आहेत, तरी बरंचसं नीट ओळखलं जातंय. रात्री दोनला उठून एखादं पान वाचतो तेव्हा फार बरं वाटतं रे.

शनिवारी रात्री मी मोकळा आहे. स्नॅपशॉट घेऊन ठेव आणि फोन कर, मी लाइनवर थांबतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय