पाला कोण उचलणार?

विश्रामबाग, सांगली
दि. १५ फेब्रुवारी

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला, ते पुढच्या वर्षी तुझे तुलाच कळेल. वळवाच्या आधी झाडे हलकी करून घ्यायची घाई लोकांना याच दिवसांत सुटते, आणि शिमगा जवळ आला की गल्लीतली पोरे होळीसाठी ओंडका मागत गाडीमागे फिरतात. (त्यांना एखादा द्यावा. पुढच्या कामाला तीच पोरे रस्ता अडवून धरायला उपयोगी पडतात.)

तू विचारले आहेस की झाडतोडीच्या धंद्यात तीन माणसे आणि दोन कटर (साखळीच्या करवती) हाताशी असताना बँकेचे कर्ज फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनसाठी काढावे की गाडीसाठी. माझे उत्तर असे की गाडी घे, तीही जुनी घे, आणि चुऱ्याचे मशीन निदान दोन हंगाम डोक्यातून काढून टाक. हे एका ओळीत संपले असते, पण कारण कळले नाही तर तू पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यासारखा फसशील, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मे महिन्यात इथल्या एका सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाच्या दोन मोठ्या फांद्या उतरवण्याचे काम मी नऊ हजारांना उक्ते घेतले होते. दोर कुठे बांधायचा, खालच्या पार्किंगचा पत्रा कसा वाचवायचा, याचा मी दोन दिवस विचार केला होता. सकाळी साडेसातला चढलो आणि अकराच्या आत दोन्ही फांद्या तुकड्यातुकड्यांनी अलगद खाली आल्या. चेअरमननी चहा पाजला आणि मी स्वतःवर खूश होऊन मागे वळून पाहिले, तर आवारात छातीएवढा ढीग पडला होता आणि फाटकाबाहेर एकच छोटा हत्ती (लहान टेम्पो) उभा होता, जो मी एका खेपेसाठी सांगितला होता. खेपा पाच झाल्या. दुसरा अख्खा दिवस गेला. माणसांच्या रोजाचे चार हजार आठशे, गाडीचे साडेतीन हजार, पेट्रोल-ऑईलचे पाचशे, असा हिशेब केल्यावर माझ्या हातात दोनशे रुपये आणि आठवडाभराची पाठदुखी राहिली.

तेव्हापासून मी काम बघायला गेलो की आधी वर बघत नाही. फाटकाची रुंदी बघतो, गाडी बुंध्यापासून किती अंतरावर उभी राहील ते बघतो, आणि पाला किती पावले हाताने वाहून न्यावा लागेल ते मोजतो. तोडायला जितका वेळ लागेल असे वाटते, त्याच्या दुप्पट वेळ उचलायला धरतो आणि मगच आकडा सांगतो. तुमच्या साताऱ्यातल्या जुन्या पेठांमध्ये गाडी दारापर्यंत जाणार नाही, तिथे तिप्पट धर. "पाला आम्हीच उचलू, तुम्ही फक्त तोडून द्या" असे कोणी म्हणाले तर ते वेगळ्या दराने, कागदावर लिहून घे. कारण चार दिवसांनी तोच ढीग रस्त्यावर पडलेला असतो आणि शेजारीपाजारी नाव तुझे घेतात.

छोट्या हत्तीला पाऊण टनापर्यंत वजन चालते, पण पाल्याने गाडी भरते तेव्हा त्याच्या निम्मेही वजन झालेले नसते, कारण आपण निम्मी हवाच वाहत असतो. म्हणून माणसांना पहिल्या दिवसापासून रचायला शिकव. फांदी जमिनीवर असतानाच कोयत्याने तिची आडवी फुटलेली बगलेची डहाळी उतरवायची, सगळ्या फांद्यांची बुडे एकाच दिशेला करायची, लांब फांद्या खाली आणि आखूड वर ठेवायच्या, दर थरावर एका माणसाने उभे राहून तुडवायचे, आणि शेवटी वरून ओंडके दाबायला टाकून दोर आवळायचा. माझ्याकडचा म्हातारा बिगारी कडब्याची गंजी रचावी तसा पाला रचतो, आणि जिथे इतरांना चार खेपा लागतात तिथे त्याच्या दोन होतात. त्याचा रोज मी इतरांपेक्षा शंभर रुपये जास्त ठेवला आहे. पोरे कुरकुरतात, पण तो गाडीचे भाडे वाचवतो आणि पोरे वाचवत नाहीत.

उचललेला पाला टाकायचा कुठे, ही बाब काम घेण्याआधी ठरलेली असावी. वड, उंबर, पिंपळ आणि सुबाभूळ यांचा हिरवा पाला शेळ्यामेंढ्यावाले स्वतः येऊन नेतात. दोन-तीन जणांचे फोन नंबर तुझ्याकडे असले की पुष्कळ कामात निम्मा ढीग जागेवरच संपतो. मनगटाएवढे जळण हळदवाल्यांना द्यावे. सध्या आमच्याकडे हळद शिजवण्याचे दिवस आहेत आणि काहिलीखाली जाळायला लाकूड लागतेच. तुला वाईच्या बाजूला तसेच गिऱ्हाईक मिळेल. जाड ओंडके वीटभट्टीला किंवा वखारीला जातात. नारळाच्या झावळ्या आणि गुलमोहराच्या शेंगा मात्र कोणी घेत नाही, त्यांची खेप पूर्णपणे आपल्या अंगावर पडते. नारळाच्या कामाचा दर ठरवताना हे विसरू नकोस. रात्रीतून ओढ्यात ढकलून देणारे ठेकेदारही आहेत. तू त्या वाटेला जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

आता चुऱ्याच्या मशीनविषयी. आपल्यासारख्यांना परवडणारी मशीन तीन-चार इंचांपर्यंतची फांदी घेतात. त्यापेक्षा जाड माल तसाही जळण म्हणून विकला जातो. झावळीचे धागे आत गुंडाळले जातात, फांदीला चिकटलेली माती किंवा एखादा खिळा आत गेला की पाती बोथट होतात, आणि हप्ता मात्र पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांतही चुकत नाही. झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून चुरा चांगला आहे, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला उसाचे पाचट घरचेच असते, तो चुऱ्याला पैसे कशाला मोजेल? महिन्यातले बारा-पंधरा दिवस तुझी गाडी रोज तीन खेपा पाल्याच्याच करते आहे असे वहीत दिसले, तर मग मशीनचा विचार कर. वही मात्र आजपासून ठेव.

"लाकूड तुम्हीच घ्या आणि झाड फुकट तोडून द्या" असा प्रस्ताव तुझ्यापुढे आठवड्याला एकदा येईल. गावाबाहेर मोकळ्या रानातले सरळ निलगिरीचे झाड असेल तर हा व्यवहार परवडतो. दोन घरांच्या मधल्या बोळातले गुलमोहराचे झाड असेल तर हात जोडून निघून यावे. लाकडाची किंमत मी मजुरीत कधीच मिसळत नाही. मजुरी पूर्ण सांगतो आणि लाकूड विकले गेले तर तेवढी रक्कम बिलातून वजा करून दाखवतो.

परवानगीच्या बाबतीत माझे ऐक आणि भिडेखातर एकही काम करू नकोस. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो, अर्ज मालकाने वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आणि त्या कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणजे "तोडत नाही, फक्त छाटतो आहे" हे उत्तर पुरत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला असून, झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली आहे. २०२० च्या हद्दवाढीने शाहूपुरी, विलासपूर ही तुमची उपनगरे नगरपालिकेत आल्यामुळे पूर्वीची ग्रामपंचायतीची सवय तिथे चालणार नाही. हद्दीबाहेर १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत साग व चंदनाबरोबर आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही आपली बांधावरची झाडेही आहेत. परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, त्यावरची झाडांची संख्या आणि जात जागेवर ताडून बघ, आणि प्रत गाडीत ठेव. बगळ्यांची वीण पावसाळ्यात असते, त्यामुळे ज्या झाडावर त्यांची वसाहत आहे त्याचे काम आत्ताच उरकावे, घरटी भरल्यावर नाही.

गिऱ्हाईक आल्याआल्या "शेंडा मारून द्या" म्हणेल. शेंडा मारायला सोपा, पालाही थोडा, आणि दोन वर्षांनी तिथून झाडूसारखे फुटवे आले की तेच गिऱ्हाईक पुन्हा बोलावते, म्हणून पुष्कळजण आनंदाने मारतात. पण ते फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि खालचा काप कुजत जातो, त्यामुळे वादळात तेच आधी निखळतात. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की झाड जखम बुजवत नाही, तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडते. आणि ही भिंत नीट पडायला फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर वळी शाबूत राहावी लागते. म्हणून जाड फांदी तीन कापांत उतरव. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून पाव जाडीचा काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापावे, म्हणजे फांदी खोडाची साल न ओरबाडता सुटते. आणि उरलेला खुंट शेवटी त्या वळीच्या बाहेरून उतरवावा. वरून डांबर फासण्याने कूज थांबत नाही, पण काही गिऱ्हाइकांना ते फासल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. मी वाद घालत नाही, नुसते लावत नाही.

एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दोनशे किलोच्या आसपास भरते, हा आकडा गिऱ्हाइकाला जरूर सांग. "एक फांदी तर आहे, एवढे पैसे कसले?" हा प्रश्न तिथल्या तिथे बंद होतो.

झाडात तार गुंतली असेल तर महावितरणकडून रीतसर लाईन बंद करून घे, आणि फोनवरच्या "केली बंद" यावर माणूस चढवू नकोस. वायरमन जागेवर येऊन अर्थिंग करेपर्यंत थांब. ओली फांदी आणि ओला दोर दोन्हींतून करंट येतो. वर चढण्याआधी दुर्बिणीने किंवा मोबाईलचा कॅमेरा मोठा करून आग्या मोहोळ आहे का ते पाहा. माझा एक माणूस आमराईत तीस फुटांवर असताना माश्या उठल्या होत्या. त्या वेळी त्याच्या कमरेला पट्टा होता म्हणून तो आज आहे. तिन्ही माणसांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत होते, ती काढच. पण त्या विम्याच्या दोन लाखांनी भागत नाही, कारण रोजंदारीचा माणूसही कामावर जखमी झाला तर कायद्याने भरपाई आपल्यावर येते. कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी घे, आणि तो खर्च दरात धर.

कटरचे थोडक्यात सांगतो. एक लिटर पेट्रोलला वीस मिली टू-टी ऑईल, आणि मिश्रण आठवड्यापुरतेच करायचे, कारण हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल धरते आणि कार्बोरेटर रुसतो. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की चेन बोथट झाली असे समज आणि जोर न लावता तिथेच थांबून कानस मार.

पैशाच्या बाबतीत एकच खोड स्वतःला लावून घे: निम्मा विसार घेतल्याशिवाय दोर खांद्यावर टाकायचा नाही. एका शिक्षणसंस्थेने माझे चोवीस हजार सात महिने अडकवले, दर खेपेला सही करणारे साहेब रजेवर असायचे, आणि त्या सात महिन्यांत मी माणसांचे रोज बायकोच्या भिशीतून भागवले. संस्थेला बिल देण्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेव, ती फुकट होते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची काळजी करू नकोस.

गाडी पाहायला कराडला जाणार आहेस ना? येत्या रविवारी ठेव, मी सकाळच्या एसटीने येतो. जाताना हौद्याच्या पत्र्याखाली हात घालून गंज पाहू, आणि फाळके तिन्ही बाजूंनी उघडतात का तेही पाहू, कारण मागूनच उघडणाऱ्या गाडीत पाला रचता येत नाही. काकूंना साष्टांग नमस्कार सांग, आणि त्यांच्या परसातल्या त्या शेवग्याला मी येईपर्यंत हात लावू नकोस.

तुझा,
सुहास