आधी खेळू, मग क्रमांक देऊ

पुणे, ६ जुलै

प्रिय मंदार,

तुझा निरोप परवाच मिळाला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ही गोष्ट नाही, म्हणून बसून लिहितेय. तुझ्या मित्राच्या ॲडव्हेंचरला, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या आरपीजीसाठी त्याने रचलेल्या कथानकाला, एनी या आरपीजींच्या पुरस्कारांत नामांकन मिळालं हे वाचून मी खरंच उड्या मारल्या. रात्र रात्र जागून त्याने ते लिहिलं, हे तुझ्याकडून वर्षभर ऐकतेय. पण आता तू म्हणतोस की मी आणि आपल्या शनिवारच्या खेळातल्या पाच जणांनी त्याला डोळे झाकून पहिला क्रमांक द्यावा, आणि त्या प्रकाशकाचं नाव ज्या ज्या विभागात दिसेल तिथेही तेच करावं. ते माझ्याने होणार नाही. रागावू नकोस, का ते ऐक.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस आठव. भरत नाट्य मंदिरात आपण ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. समोरच्या कॉलेजची एकांकिका आपल्यापेक्षा सरस झाली हे मनात पक्कं ठाऊक असलं, तरी ओरडायचो. पण करंडक आपल्या आवाजावर ठरत नव्हता, तिथे परीक्षक बसलेले असायचे. एनीजमध्ये नेमकं उलटं आहे. परीक्षक आधी येतात, वर्षभर प्रकाशकांनी पाठवलेल्या पुस्तकांचा ढीग उपसतात आणि प्रत्येक विभागात मोजकी नामांकनं काढतात. त्यानंतर जुलैत सगळं आपल्या हातात येतं. आपण पसंतीक्रम लावायचा, त्यातून सुवर्ण आणि रौप्य ठरणार, आणि जेन कॉन या खेळांच्या मेळाव्याच्या वेळी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये ते जाहीर होणार. म्हणजे शेवटचा शब्द आरडाओरडा करणाऱ्यांचा, आणि ते आपणच. इथे आपण नुसतंच ओरडलो, तर चूक सुधारायला पुढे कुणी बसलेलं नाही.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही, मी स्वतः चुकलेय. २०२० साली ‘थाउजंड इयर ओल्ड व्हँपायर’ नामांकनांत होता. एकट्याने वहीत लिहीत खेळायचा आरपीजी ही कल्पनाच मला पटेना. पीडीएफची दहा-बारा पानं चाळली आणि ‘सर्वोत्तम नियम’ या विभागात त्याला खाली ढकलून दिलं. त्याला सुवर्ण मिळालं, तेव्हा लोकांना चकचकीत पुस्तक आवडलं असणार अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या हिवाळ्यात मी संगमनेरला आजीजवळ महिनाभर राहिले. तिचं विसरणं तेव्हा वाढलं होतं. रात्री ती झोपली की मी वही, एक दहा बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा घेऊन बसायचे. दहाच्या आकड्यातून सहाचा वजा करायचा, पुस्तकात क्रमाने दिलेल्या प्रसंगांत येईल तितकं पुढे किंवा मागे सरकायचं आणि तिथला प्रसंग लिहायचा. आपल्या पात्राच्या डोक्यात जागा फक्त पाच आठवणींना, एकेका आठवणीत तीन अनुभव. सहावी आली की आधीची एक खोडायची. वाचताना हा नियम मला हिशेबाचा वाटला होता. तिसऱ्या रात्री माझ्या पात्राला त्याच्या बहिणीची आठवण खोडावी लागली. पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. आतल्या खोलीत आजी झोपेत माझ्या आईला हाक मारत होती, आणि सकाळी तिने मलाच आईच्या नावाने हाक मारली होती. ती रेघ मी शेवटी मारली. खालची अक्षरं अजून वाचता येतात, वही जपून ठेवलीये. तो नियम केवढा मोठा आहे हे त्या रेघेने सांगितलं, दहा-बारा पानं चाळून ते कधीच कळलं नसतं.

सगळ्याच विभागांचं असं नाही म्हणा. २०२० सालीच स्वीडनच्या ‘मॉर्क बॉर्ग’ या आरपीजीला मांडणीचं सुवर्ण मिळालं. ते पिवळंधमक पुस्तक उघडलं, की एकेका पानावर अक्षरं कशी अंगावर येतात ते डोळ्यांनाच दिसतं, फासा टाकायची गरज नाही. मुखपृष्ठ, नकाशे, आतली चित्रं यांचंही तेच. तिथे मी बघून मत देते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण नियम आणि ॲडव्हेंचर टेबलावर यावे लागतात. कागदावर झकास वाटणारा प्रसंग आपल्या अन्वयने पहिल्या पाच मिनिटांत खिडकीतून उडी मारून उधळून लावला, की मग लेखकाने पुढचा विचार केलाय का ते कळतं. म्हणून जे खेळले नाही तिथे मी रकाना कोरा सोडते.

आणखी एक, जे मला तुझ्या निरोपात सगळ्यात जास्त खुपलं. पुढच्या वर्षीचे पाच परीक्षकही आपणच निवडतो, त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. अरे, तुझ्या मित्राच्या मागे मोठी कंपनी नाही, हजारो गिऱ्हाइकांना एका झटक्यात ‘मत द्या’ म्हणून कळवायची सोय नाही. तरीही तो यादीत आला, कारण त्या पाचातल्या कुणीतरी ढिगातून त्याचं पुस्तक काढून शेवटपर्यंत वाचलं. लहान माणसाला दार तिथेच उघडतं. शिवाय प्रत्येक परीक्षक आपल्या पसंतीच्या एका पुस्तकाला स्वतंत्रपणे गौरवतो, तिथे गर्दीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा मंडळींना गोळा करायचंच असेल, तर उमेदवार परीक्षकांनी स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायला गोळा कर. मी काल दोन तास तेच करत होते.

आता कामाचं. त्या ॲडव्हेंचरची पीडीएफ मला आजच पाठव. प्रत विकत घ्यायची असेल तर दुवा पाठव, फुकट नकोच. या शनिवारी आपली नेहमीची कॅम्पेन, म्हणजे दर शनिवारी पुढे चालणारी गोष्ट, बाजूला ठेवू असं मी सगळ्यांना सांगितलंय. जुई डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, व्हायला तयार आहे, आणि लेखक तुझा मित्र आहे हे मी तिला मुद्दाम सांगितलेलं नाही. सहा वाजता बसू, संपेल तेव्हा संपेल. रविवारी रात्री मी क्रमांक लावीन आणि कोणता लावला ते तुला फोन करून सांगेन. पहिला आला तर तुझ्या मित्राला माझ्याकडून सांग, की तो पुण्यातल्या एका टेबलावर मिळवलेला आहे. नाही आला, तर कुठे अडलो ते मी त्याला नीट लिहून पाठवीन.

आई तुझी आठवण काढते. गणपतीत येतोयस ना?

तुझी,
मुक्ता