ढेकर तोंडातूनच येतो

महोदय,

जनावरांच्या मिथेनवरील आपल्या लेखासोबतच्या व्यंगचित्रात गायीच्या शेपटीखालून धूर निघताना दाखवला आहे. माझी उमर पशुवैद्यकीत गेली, त्यामुळे ती दिशा खटकली. गायीचा नव्वद टक्क्यांहून अधिक मिथेन तोंडा-नाकावाटे, मुख्यतः ढेकरातून बाहेर पडतो. ढेकर अडला तर काय होते, ते आम्ही पोटफुगीत पाहतो. डावी भकाळी कण्याच्याही वर येते, फुप्फुसे दबतात, आणि वेळेत ट्रोकार (टोकदार पोकळ नळी) खुपसून वायू मोकळा केला नाही तर जनावर दगावते. (जवळ कुणी काडी ओढू नये, हे मी आधीच बजावत असे. हा वायू पेटतो.)

चित्राचे सोडा. जंतू मारले की प्रश्न मिटेल, हा लेखाचा सूर जास्त दिशाभूल करणारा आहे. चाऱ्यातला सेल्युलोज (वनस्पतींतला तंतुमय भाग) पचवणारे विकर (एन्झाइम) गायीकडे नाही. ते काम कोटीपोटातले (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले) जिवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव करतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते, पण सोबत हायड्रोजनही सुटतो आणि तो साचला की आंबवण्याची क्रियाच मंदावते. तो उचलतात मिथेनोजेन, म्हणजे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, यांपासून मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू बनतात. हे मिथेनोजेन जिवाणूही नव्हेत. ते आर्किया या निराळ्या गटातले, ज्याचे वेगळेपण कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवले. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ३२ जातींच्या प्राण्यांचे ७४२ नमुने तपासले गेले, तेव्हा जवळपास सगळीकडे त्याच मोजक्या आर्कियांचे राज्य आढळले. तेव्हा ‘अमुक जातीची गाय दोषी’ हा वादही फार ताणण्यात अर्थ नाही.

उपाय आहेत. ३-एनओपी हे संयुग मिथेन बनण्याच्या शेवटच्या पायरीवरचे विकर अडवते, आणि दुभत्या गायींत मिथेन साधारण ३० टक्के घटतो. अ‍ॅस्परागॉप्सिस या लाल समुद्री शेवाळाने काही चाचण्यांत ८० टक्क्यांहून जास्त घट दाखवली, मात्र त्यातल्या ब्रोमोफॉर्म या घातक ठरू शकणाऱ्या रसायनाची काळजी आहे, शिवाय कधी कधी जनावर चारा कमी खाते.

मिथेनवाटे चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा वाया जाते. म्हणून ‘मिथेन रोखा, तेवढे दूध वाढेल’ हे गणित मांडले जाते. माझा त्यावर विश्वास नाही. मिथेन अडवला की काही हायड्रोजन तसाच ढेकरातून निघून जातो, आणि दुधातली वाढ बहुतेक चाचण्यांत किरकोळच दिसते.

एक विनंती. मिथेनचे आकडे दर जनावरामागे छापता, तसे दर लिटर दुधामागेही छापा. निकृष्ट चाऱ्यावर अर्धपोटी असलेली गाय दिवसाला कमी मिथेन सोडते, पण दूधही इतके थोडे देते की लिटरमागे तिचाच आकडा मोठा निघतो.

– एक निवृत्त पशुवैद्यक