मैदानावर ‘भाऊ’ म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या फुटबॉल संघासाठी कामठीहून प्रशिक्षक आणावा की गावातलाच नेमावा, हा वाद आमच्याकडे दिवाळीपासून चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंचे लोक हॉलंडचे फुटबॉल प्रशिक्षक गुस हिडिंक यांचा दाखला देतात, म्हणून हे पत्र.

खेळाडू म्हणून हिडिंक फार मोठे नव्हते. डी ग्राफस्काप या लहानशा क्लबकडून मधल्या फळीत खेळताना ते हूड मुलांच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत (निवृत्त पीटी मास्तराला ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते, हे कबूल करतो). १९८८ मध्ये त्यांनी पीएसव्ही आइंडहोवन या डच क्लबला युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) जिंकून दिला. जगभर नाव झाले ते मात्र २००१ च्या सुरुवातीला दक्षिण कोरियाचा संघ हाती घेतल्यानंतर.

कोरियन संघात धाकटे खेळाडू थोरल्यांशी आदरार्थी भाषेतच बोलत. हिडिंक यांनी मैदानावर सर्वांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारावी, असा दंडक घातला. हे कोणाला क्षुल्लक वाटत असेल, तर परवा आमच्या शाळेच्या मैदानावर घडलेले सांगतो. नववीतला एक मुलगा गोलसमोर अगदी मोकळा उभा होता, चेंडू बारावीतल्या पोराकडे होता, आणि हा बिचारा अदबीने ‘भाऊ, मले द्या ना’ एवढे म्हणेपर्यंत समोरच्या बचावपटूने चेंडू काढून नेला. बाहेरच्या प्रशिक्षकाचा उपयोग असेल तर तो इथे. तो गावात कोणाचाच काका-मामा लागत नाही, त्यामुळे हे बोलायला त्याला संकोच वाटत नाही.

बाहेरून आला म्हणजे जादू करतो, असे मात्र नाही. हिडिंक यांच्याच हाताखाली तुर्कस्तान २०१२ च्या युरो स्पर्धेला पात्र ठरला नाही आणि चीनच्या ऑलिंपिक संघावरून त्यांना २०१९ मध्ये दूर करण्यात आले. कोरियातही २००१ मध्ये आधी फ्रान्सने आणि मग चेक प्रजासत्ताकाने ५-० असा धुव्वा उडवला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांचे नावच ‘पाच-शून्य’ ठेवले होते. तरीही फुटबॉल संघटनेने त्यांना काढले नाही. ते खेळाडूंचा दम वाढवण्यावर भर देत राहिले, आणि २००२ मध्ये त्याच संघाने पोलंड, पोर्तुगाल, इटली व स्पेन यांना मागे टाकून विश्वचषकात चौथा क्रमांक पटकावला. इटली व स्पेनविरुद्धच्या पंचगिरीबद्दल आजही तक्रार होते आणि ती अगदीच निराधार नाही. पण अतिरिक्त वेळेतही कोरियाची पोरे धावत होती, ते पंचांमुळे नव्हे.

हिडिंक यांना त्या कामासाठी सुमारे १८ महिने मिळाले. आमच्या समितीने मागच्या प्रशिक्षकाला पावसाळ्यातले दोन सामने हरताच घरी पाठवले होते. तेव्हा नवा माणूस कामठीचा असो वा गावचा, त्याच्या नेमणुकीच्या पत्रात मुदत आधी लिहावी आणि मानधन नंतर, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ