दारापुढचा फोटो

धारूर, १२ मे

प्रिय मित्रा,

ऊसतोडीच्या फोटोंचं काय झालं, असं तू विचारलंस. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेलो होतो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, त्यामुळे आजारी पडून काम चुकलं तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो. पहाटे चारला बाया कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, चूल पेटवतात, भाकरी फडक्यात बांधतात आणि अंधारातच उसाचा फड गाठतात. दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. अशाच एकीच्या हातांचा फोटो मी काढला. पाचटाने चिरलेले तळवे, बस्स. ज्याला दाखवला त्याला तोच आवडला.

परवा तो प्रिंट घेऊन तिच्या गावी गेलो. तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हे हात कुनाचे? मपलं तोंड कुठंय?"

मला उत्तर सुचेना.

आपल्या खोलीत अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने काढलेला एका मजूर आईचा फोटो लावलेला होता, आठवतो? १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्यांचा तळ. लँगने त्या बाईला नावही विचारलं नव्हतं. फोटो छापून आल्यावर सरकारने तळावर धान्य पाठवलं, तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलेलं. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा ती म्हणाली की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं रोज पाहूनही आपण तिचा असा विचार केला नव्हता.

मग ही बाई आत गेली, ठेवणीतली साडी नेसून आली. पोरांचे केस विंचरले, नवऱ्याकडून बैल अंगणात आणवले, सगळ्यांना दारापुढे उभं केलं. "आता काढा." सगळ्यांची नावं तिनेच सांगितली, बैलांचीसुद्धा, आणि मी ती वहीत उतरवून घेतली.

कुठल्या स्पर्धेत हा फोटो निवडला जाणार नाही. मला मात्र तो हातांच्या फोटोइतकाच खरा वाटतो. मुकादमाच्या, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराच्या, वहीत जी अर्धा कोयता असते, ती इथे घरची मालकीण आहे. हातही लोकांनी पाहायलाच हवेत, पण तिने हो म्हटलं तर, आणि या फोटोच्या शेजारी.

तुझ्या ओळखीच्या लॅबमधून याचा मोठा प्रिंट फ्रेम करून घेशील? दसऱ्याच्या आत हवाय. नंतर टोळी निघते, आणि सहा महिने घरात सासू एकटीच असते. सासूसाठीच बाईने तो मागितलाय.

तुझाच,
मित्र